३१ मेची निवृत्ती आणि दुसरीचा शेवटचा तास

वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

एप्रिल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निरोप समारंभाची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेल्या पाच पत्रांपैकी चार त्याच विषयाची आहेत. पाचवं एका वडिलांचं आहे, दुसरीतल्या लेकीच्या गणिताबद्दल. तेही मी मुद्दाम यांच्यामध्येच ठेवलं आहे. मुख्याध्यापक निवृत्त होतात त्या दिवशीही कुठल्यातरी वर्गात कुणीतरी पंचवीस चुकीचं लिहीत असतं, आणि ते बघणं हेच आपलं काम असतं.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षिका आहे. पहिली ते पाचवी, पट १५८. आमच्या मुख्याध्यापिका ३१ मे रोजी सेवानिवृत्त होत आहेत. त्या दिवशी शाळेला सुट्टी, मुलं मामाच्या गावाला गेलेली. व्यवस्थापन समितीतले काही जण म्हणतात, मांडव घालू, जेवण ठेवू, मोठे पाहुणे बोलावू, प्रत्येक मुलाकडून ५० रुपये घेऊ. बाई म्हणतात, ‘मला काहीच नको, मी चार्ज देऊन गुपचूप जाईन.’ दोन्ही ऐकून मन खट्टू होतं. निरोप द्यावा तरी कसा?
— एक उपशिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या बाईंची कागदावरची जन्मतारीख १ जून असणार, हे पत्राच्या चौथ्या ओळीतच मी ओळखलं. माझीही तीच आहे. आमच्या पिढीत आईबापांनी पोराला जूनमध्ये शाळेत नेऊन उभं केलं आणि गुरुजींनी जन्म कधीचा विचारलं की उत्तर यायचं, ‘बेंदराच्या आसपासचा’. माझ्या आईनं सांगितलं होतं, ‘कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या साली.’ गुरुजींनी हिशेब केला आणि लिहिलं, १ जून १९६६. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ५८ वर्षं भरताना आम्हा सगळ्यांच्या नशिबी ३१ मे. जिल्ह्यात दर वर्षी कितीतरी गुरुजी आणि बाई अशा रिकाम्या शाळेतून बाहेर पडतात. कुलूप, व्हरांड्यात वाळलेली पानं, आणि ऑफिसात चार्जच्या यादीवर सही घेणारा एक सहकारी. तुमच्या बाईंना गुपचूप जावंसं वाटतं त्यात या तारखेचाही हात आहे, असं मला वाटतं.

म्हणून ३१ मेची वाट बघू नका. एप्रिलमधला, सकाळच्या शाळेचा, मुलं हजर असलेला एक दिवस धरा. परीक्षा आटोपलेली असते, निकालाचं काम चाललेलं असतं, मुलांना वेळ असतो. १ मेला झेंडावंदन आणि निकालपत्रक घ्यायला पालक येतातच. त्या दिवशी गावानं बाईंना नारळ-साडी देऊन चार शब्द बोलावेत. तेवढं पुरे.

आता ५० रुपयांबद्दल. ते घेऊ नका, अगदी स्वेच्छेनं म्हणूनसुद्धा नको. मी एका शाळेत सहशिक्षिका असताना गुरुजींच्या निरोपासाठी वर्गणी काढली होती, रक्कम याहून कमी होती. तिसरीतली एक मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले. आई द्राक्षबागेत विरळणीच्या कामाला गेली होती, मुलगी दारात बसून धाकट्या भावाला खेळवत होती. ‘आठवड्याचा पगार शनिवारी व्हतोय, मग येते,’ म्हणाली. मी तिथून शाळेत परतले तेव्हा ज्यांच्या निरोपासाठी पैसे चालले होते ते गुरुजी पाचवीला भागाकार शिकवत होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी तो समारंभ होऊच दिला नसता. मोठ्यांनी आपसात काय द्यायचं ते द्यावं. हजेरीपटावर नाव असलेल्या कुणाकडूनही एक रुपया घेऊ नये.

आणि बाईंच्या ‘मला काहीच नको’ला पूर्ण मान देऊ नका, असं मी त्यांची समवयस्क म्हणून सांगते. त्यांना मांडव नको असेल तर मांडव नका घालू. पण मुलांना सांगितल्याशिवाय त्यांनी जाऊ नये. सहा-सात वर्षांच्या पोराला रोज दिसणारं माणूस जूनमध्ये एकाएकी दिसेनासं होतं आणि त्याला कुणी काही सांगत नाही. पोरं काहीही समजून घेतात. ‘बाई आजारी हायत’, ‘बाईंची बदली झाली’, ‘आम्ही दंगा केला म्हणून गेल्या’. हे शेवटचं मी स्वतः ऐकलं आहे, पहिलीतल्या मुलाच्या तोंडून. बाईंनी प्रत्येक वर्गात जाऊन साध्या शब्दांत सांगावं, की माझं वय ५८ झालं, सरकारी नोकरीत या वयाला थांबायचं असतं, जूनमध्ये या खुर्चीवर अमुक सर किंवा अमुक बाई असतील, आणि मी अमुक गावात राहते.

माझा निरोप २०२४ मध्ये झाला. लोकसभेचं सांगलीचं मतदान ७ मेला होतं, आचारसंहिता लागलेली, निम्मे सहकारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. त्यामुळे व्यासपीठ, पाहुणे, पुढारी असं काही शक्यच नव्हतं. तेव्हा मला ते जरा लागलं होतं, खोटं कशाला बोलू. छत्तीस वर्षं झाली होती. मग मी सहकाऱ्यांना म्हटलं, ३० एप्रिलला मला दुसरीचा एक तास द्या. ज्यांना यायचं त्यांनी मागे बसा.

मागे बस्करपट्टीवर अकरा-बारा माणसं येऊन बसली. त्यात माझा जतकडचा एक जुना विद्यार्थी होता, आता बेदाण्याच्या शेडवर काम करतो. दोन पोषण आहाराच्या ताई, हात पुसत आलेल्या. एक आजी, जिची मुलगी आणि नात दोघी माझ्याकडे शिकल्या.

मी धडा निवडला लांबी मोजण्याचा. आमचा फळा आठ फुटी. ‘वितीनं मोजा,’ म्हटलं. एकेक जण आला, अंगठा आणि करंगळी ताणून मोजू लागला. कुणाच्या १७ विती भरल्या, कुणाच्या १८, एका दांडग्या पोराच्या १६. मग मी मोजला. माझ्या तेरा, त्याही पुऱ्या नाहीत. ‘आता सांगा, फळा एकच, मग उत्तरं वेगळी का?’ थोडा वेळ गोंधळ झाला. एकीनं माझा हात घेतला, आपला तळवा त्यावर ठेवला, दोन्ही मनगटं बरोबर जुळवून बघितली आणि बोटं कुठवर येतात ते सगळ्यांना दाखवलं. त्या हाताला पेन्सिलच्या भुकटीचा वास होता. मी विचारलं, ‘मग बाईंच्या वितीनं मोजायचं का सगळ्यांनी?’ तिसऱ्या रांगेतला एक जण बसल्या जागेवरून म्हणाला, ‘पट्टी घ्या की बाई. पट्टी असली की कुणाचीबी वीत लागत न्हाय.’

मापनाच्या धड्यात हेच तर शिकवायचं असतं, प्रमाणित एकक. त्यानं माझ्या तोंडून न ऐकता स्वतः काढलं. मागे बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मला शाल त्या दिवशी मिळाली नाही, पण हा तास मिळाला. आज तो फळ्यासकट डोळ्यांसमोर येतो.

तुम्ही तुमच्या बाईंना असा एक तास मागा. विषय त्यांचा त्यांना निवडू द्या. भाषणांऐवजी एक दोनशेपानी वही आणा आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या : बाईंकडून मला काय आलं? पहिलीनं चित्र काढावं. एकच अट पाळा, शुद्धलेखन सुधारू नका, सुचवू नका, फळ्यावर नमुना लिहून देऊ नका. नमुना दिलात की सगळ्या पानांवर ‘बाई आम्हाला खूप आवडतात’ एवढंच येईल. माझ्या वहीत एकानं लिहिलं आहे, ‘हातच्या एक कूठून येतो ते कळल.’ एकीनं लिहिलं, ‘बाईनी मला डावी चपल उजवी चपल शिकवली.’ मला ती मुलगी आठवत होती, चपलेचं आठवत नव्हतं.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. ‘पंचवीस लिही’ म्हटलं की ५२ लिहिते. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की ३४. शाळेतल्या बाई म्हणतात येईल हळूहळू. परवा मी वैतागून ओरडलो, तर ती आता गणिताची वहीच काढत नाही. तिला काही अडचण असेल का?
— एक वडील, तासगाव

उत्तर : भाऊ, तुमची मुलगी कान देऊन ऐकते आणि ऐकलं तसं लिहिते. पंच-वीस. आधी पाच ऐकू आले, मग वीस. त्रे-चाळीस, आधी तीन, मग चाळीस. आपल्या मराठीत संख्या बोलताना सुटे आधी येतात आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. आपल्याला सवय झाली म्हणून खटकत नाही. दुसरीतल्या मुलानं हे उलटसुलट पहिल्यांदा भोगायचं असतं. एवढ्यावरून तिच्यात काही अडचण आहे असं मला वाटत नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला. एकवीसला ‘वीस एक’, पंचवीसला ‘वीस पाच’ असंही म्हणावं, असं त्यात होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विधानसभेपर्यंत विषय गेला, लोकांनी चेष्टा केली. मला त्या चेष्टेचं वाईट वाटलं, कारण पहिली-दुसरी शिकवणाऱ्या कुठल्याही बाईला तो प्रश्न रोज दिसत होता आणि नारळीकर बाईंनी तो गांभीर्यानं घेतला होता. माझं स्वतःचं मत असं : पंचवीस हा शब्द सोडायचा नाही, तो आपला आहे, बाजारात आणि घरात तोच चालतो. पण त्याच्या जोडीला काही महिने ‘वीस आणि पाच’ म्हणत राहायचं. मुलं दोन्ही सहज पेलतात.

हे मला एका मुलीनं शिकवलं. माझी पहिली नेमणूक १९८८ मध्ये जत तालुक्यात झाली. तिथं बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. माझ्या वर्गातली एक मुलगी मराठी अंकांत सारखी अडखळायची, पण पंचवीस लिहायला सांगितलं की ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि बरोबर २५ लिहायची. काय म्हणतेस म्हणून जवळ जाऊन ऐकलं, तर ‘इप्पत्तैदु’. इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. तिची घरची भाषा लिहिण्याच्या क्रमानंच बोलत होती. मराठी येत नाही म्हणून जिला मी मागं बसवलं होतं, ती या एका गोष्टीत सगळ्या वर्गाच्या पुढं होती. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात ‘वीस पाच पंचवीस’ असं तालावर म्हणायला लागले आणि तिला पुढं बसवलं.

घरी काय कराल? खराट्याच्या काड्या घ्या, बोटभर लांबीचे शंभरेक तुकडे करा. दहा-दहाचे गठ्ठे तिलाच मोजून रबर लावू द्या. तयार गठ्ठे देऊ नका, दहा मोजून बांधण्यातच निम्मं गणित आहे. मग म्हणा, ‘पंचवीस दे.’ ती दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या देईल. गठ्ठे तिच्या डाव्या हाताला ठेवायला सांगा, सुट्या उजव्या हाताला. आता गठ्ठे किती? दोन. खाली लिही. सुट्या किती? पाच. लिही. आठ-दहा दिवस एवढंच करा, रोज दहा मिनिटं. बेदाणे घेऊन करू नका. तासगावात ते घरोघरी असतात, मीही एकदा वर्गात वापरले, आणि वजाबाकी येण्याआधीच सुटे संपले.

मग ‘एकोण’ची गंमत दाखवा. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. तीन गठ्ठे ठेवा आणि म्हणा, यातली एक काडी मला दे. ती थबकेल, कारण सुटी काडी नाही. मग तीच एक रबर काढेल. उरले दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. ही रबर काढण्याची जी क्रिया आहे तीच पुढं हातच्याच्या वजाबाकीत येते. रबर काढलेलं मूल पुढं फळ्यावर ‘दशकाकडून एक घेतला’ म्हटलं की मान डोलावतं, आणि न काढलेलं मूल नुसतं पाठ करतं. एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे हे चालतं. नव्व्याण्णवला मात्र मोडतं, तिथं एकोणशंभर म्हणत नाहीत. हे तिला आधी सांगू नका. तिचं तिला सापडलं की ती तुम्हाला येऊन सांगेल, त्या वेळी आश्चर्य वाटल्याचं दाखवा.

आणि ओरडण्याबद्दल एकच. तुम्ही तिच्याजवळ बसा आणि सांगा की पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात हे मलाही आत्ताच कळलं. मग वही तुम्ही मागू नका. काड्या मांडून बसा, ती येईल.

प्रश्न : आमचे मुख्याध्यापक मेअखेर निवृत्त होत आहेत. पट दीडशेच्या खाली आल्यामुळं नवीन मुख्याध्यापक मिळण्याची शक्यता कमी, ज्येष्ठ म्हणून चार्ज माझ्याकडे येणार. मी आजवर फक्त वर्ग सांभाळला आहे. चार्ज घेताना काय बघू?
— एक उपशिक्षक, आटपाडी तालुका

उत्तर : सर, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी दीडशेच्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक धरलेला आहे, त्यामुळं तुमच्यासारखी वेळ पुष्कळांवर येते. वर्ग सांभाळून ऑफिस सांभाळायचं. पहिलं वर्ष अवघड जातं, नंतर हात बसतो.

सगळ्यात आधी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ते. पहिल्या खंडापासून सगळे खंड आहेत का, पानं फाटली आहेत का, शेवटचा नोंदणी क्रमांक कोणता, हे डोळ्यांनी बघून सही करा. जातीच्या दाखल्यासाठी माणसं पणजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला येतात. एक पान गेलं तर एका कुटुंबाचा पुरावा जातो. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा, खुर्च्या कागदावर नका मोजू. तांदूळ पोत्यांवर मोजू नका, काट्यावर घ्या. पहिली ते पाचवीला दिवसाला मुलामागं १०० ग्रॅम. म्हणजे दीडशे मुलं जेवली तर १५ किलो. महिन्याची उपस्थिती आणि शिल्लक यांचा मेळ तिथंच बसवून बघा. व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावर मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या सह्या चालतात, तेव्हा सही बदलण्याचा ठराव मेमध्येच करून घ्या, नाहीतर जूनमध्ये खडू आणायलाही पैसे निघणार नाहीत. ऑनलाइन माहिती भरायचे पासवर्ड एका वहीत लिहून घ्या.

हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम. आता जे कुठल्याही यादीत नसतं त्यासाठी सरांना एक संध्याकाळ मागा. हजेरीपट पुढं ठेवा आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारा. कोणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मूल आजीकडं राहू शकतं का? कोणाला लांबचं दिसत नाही? कोण घरी कन्नड बोलतो? कोणाच्या घरी वडिलांना निरोप पाठवायचा नाही, मामालाच पाठवायचा? कोणती मुलगी दुपारचं जेवण डब्यात घालून धाकट्यासाठी नेते आणि आपण ते बघून न बघितल्यासारखं करायचं?

मी चार्ज देताना, तो घेणाऱ्या सरांपुढं अशीच बसले होते. चौथीच्या नावांनाच दीड तास लागला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ज्यांची पहिली सुरू व्हायची होती, ती मुलं २०२१ च्या डिसेंबरात वर्गात आली आणि काहींना पेन्सिल कशी धरायची तेही दाखवावं लागलं होतं. त्यातली कोण अजून वाचताना बोट सोडत नाही, हे कुठल्या रजिस्टरात लिहिणार? त्या सरांनी ते आपल्या डायरीत लिहून घेतलं. तुम्हीही घ्या.

प्रश्न : बाई नमस्ते. मी चौथीत आहे. आमच्या मोठ्या बाईंच्या निरोपाला मला भाषण करायचं आहे. पप्पांनी मोबाइलवरून काढून दिलं. त्यात ‘ज्ञानाचा अथांग सागर’ आणि ‘दीपस्तंभ’ आहे. मला पाठच होत नाही. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, चौथी

उत्तर : बाळा, तुझं अक्षर सुंदर आहे. ‘विद्यार्थिनी’मधल्या ‘र्थि’ला पहिली वेलांटी तू बरोबर दिलीस, मोठी माणसंसुद्धा चुकतात.

पाठ होत नाही ते सोडून दे. ते भाषण चांगलं असेल, पण त्यात तुझ्या बाई कुठंच नाहीत. डोळे मिट आणि आठव : बाईंनी तुला कधी काही दाखवलं, समजावलं, रागावून मग हसल्या, असा एक दिवस. कुठं उभ्या होत्या? हातात काय होतं? तू काय म्हणालीस? तेवढंच सांग. ‘एकदा काय झालं’ असं म्हणून सुरू कर. पाच-सहा वाक्यं झाली की नमस्कार कर आणि खाली बस. जे आपल्या डोळ्यांसमोर घडलं ते पाठ करावं लागत नाही.

पप्पांना म्हण, बाईंनी असं सुचवलं. ते नाही म्हणणार नाहीत. आणि बोलता बोलता रडू आलं तर येऊ दे, थोडं थांब, मग पुढचं सांग.

प्रश्न : बाई, मी या ३१ मेला निवृत्त होतेय. पेन्शनची कागदपत्रं झाली, सेवापुस्तक पडताळून आलं. घरचे म्हणतात आता आराम कर. पण १५ जूनचा विचार आला की पोटात खड्डा पडतो. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी नुसतं गेले तर चालेल का?
— एक मुख्याध्यापिका

उत्तर : ताई, नका जाऊ. मला ठाऊक आहे हे ऐकायला कठीण आहे, पण पहिला दिवस नव्या माणसाचा असू द्या. तुम्ही फाटकात दिसलात की मुलं तुमच्याकडे धावतील, पालक दाखल्याचं तुम्हालाच विचारतील, आणि खुर्चीवर नव्यानं बसलेल्या बाई आत अवघडून उभ्या राहतील. पहिलीत नव्यानं आलेलं मूल त्या दिवशी ज्या चेहऱ्याला बघतं त्याचं होऊन जातं. तो चेहरा रोज येणाऱ्याचा असावा.

२०२४ चा १५ जून शनिवारी होता. सकाळी सहाला मी उठले, सवयीनं वेणी घातली, साडी नेसले, पिन लावली आणि मग बसून राहिले. साडेसात वाजता लांबून राष्ट्रगीताचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले, संपेपर्यंत. मग भाजी आणायला गेले. वाटेत दुसरीतून तिसरीत गेलेला एक जण भेटला, उशीर झाला म्हणून पळत चाललेला, पाठीवर नवं दप्तर. थांबून म्हणाला, ‘बाई, तुमी येत न्हाय?’ मी म्हटलं, ‘नाही रे, सांगितलं होतं ना वर्गात.’ ‘व्हय की, अठ्ठावन्न,’ म्हणाला आणि पळाला. त्याला आठवत होतं. म्हणूनच मी वर त्या खानापूरच्या बाईंना लिहिलं, की मुलांना आधी सांगा. तुम्हीही सांगून जा, प्रत्येक वर्गात.

जून-जुलै जाऊ द्या. दोन महिने दुपारी झोप येणार नाही, घंटेच्या वेळेला हात चुळबुळेल. ऑगस्टात नव्या बाई तुम्हाला बोलावतील. नाहीच बोलावलं तर तुम्ही निरोप धाडा, की पहिलीला गोष्ट सांगायला आठवड्यातून एक दिवस येऊ का. मला तर बोलावणं आलं. आता मी दर गुरुवारी जाते, ऑफिसच्या दारावरून सरळ पुढं, पहिलीच्या वर्गात. जाताना पिशवीत खराट्याच्या काड्या आणि रबरं घेऊन जाते. तुम्हीही घेऊन जा, पहिलीत त्या कधी पुरत नाहीत.